हिरव्या जीपची पुढची चाकं

११ मार्च १९८४, रविवार

ओझरच्या विमान कारखान्यात चौदा वर्षं तपासणी विभागात होतो. पाळी संपली की दिवसभराची मापं वहीत उतरवूनच घरी निघायचं, अशी शिस्त. डिसेंबरात नोकरी सोडली, पण हात वळवळतात, म्हणून ही वही घेतली. माझी बायको सरू म्हणते, शाळेतल्या मुलांनासुद्धा मी रोज इतकं लिहायला लावत नाही. ती मास्तरीण आहे, तिला लिहिणं म्हणजे शिक्षा वाटते.

नाशकात आग्रा रोडला द्वारका चौकाच्या अलीकडे आमची पत्र्याची शेड. आम्ही म्हणजे मी आणि पुंजा. पुंजा वेल्डर, साठीला टेकलेला, निफाडकडचा. काम एकच: जीपची चाकं रुंद करणं. वणी-दिंडोरीच्या लायनीवरचे जीपवाले गाडीत माणसं बसवत नाहीत, ठासतात. अरुंद टायर त्या वजनाखाली महिन्याला एक फुटतो. रुंद टायरला रुंद रिम लागते. जुन्या चाकाची मधली तबकडी कापून काढायची आणि रुंद रिममध्ये बसवून वेल्ड करायची. वेल्डिंग कुणीही करील. खरी अक्कल तबकडी नेमकी किती आत बसवायची, यात आहे.

ती अशी. चाक पालथं ठेवायचं. मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकायची. पट्टीपासून खाली, जिथं चाक हबला टेकतं त्या बैठकीपर्यंत माप घ्यायचं. ही मागची खोली. ती वाढली की चाक गाडीच्या पोटात सरकतं, कमी झाली की बाहेर येतं. रिमच्या मधली रेघ आणि बैठक यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. एवढं कळलं की झालं, पण नाशकात ते कळणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मूळ चाकाची मागची खोली सव्वातीन इंच. रिम दीड इंचानं रुंद झाली. हा दीड इंच टाकायचा कुठं? बाकीचे शेडवाले अर्धा आत, अर्धा बाहेर टाकतात. मग चाकं मडगार्डच्या बाहेर बेडकाच्या डोळ्यांसारखी दिसतात. मी सगळाच्या सगळा दीड इंच आत घेतो. पावणेपाच. चाक कसं मडगार्डखाली झाकलेलं, चिखल उडत नाही, फळीवर उभ्या बाईचा पदर टायरला लागत नाही.

आज झुंबरच्या जीपला चाकं चढवली. झुंबर मखमलाबादचा, घरी फुलशेती, स्वतः नाशिक-वणी गाडी चालवतो. गाडी जॅकवर घेऊन स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. टायर आणि ब्रेकची रबरी नळी यांच्यात दोन बोटं जागा राहिली. उत्तम.

पुंजा म्हणाला, "साहेब, एकदा मानसं भरून बघा की."

मी म्हटलं, "पुंजा, ओझरला विमानाचं चाक तपासताना आम्ही आत वऱ्हाड बसवत नव्हतो."

तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाही.

१९ मार्च, सोमवार

आठवा जोड आज गेला. हिरवी जीप. मालक फार घाईत होता, चहासुद्धा घेतला नाही. मापं वहीत लिहिली: पुढचं डावं पावणेपाच, पुढचं उजवं पावणेपाचला अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, कमी. अर्धं सूत का कमी आलं याचा पुंजाला जाब विचारला. म्हणाला, "मानसाच्या हातचं हाय." मी त्याला सांगितलं, हे उत्तर ओझरला चाललं नसतं.

आठ जीपा अडीच महिन्यांत. सरूच्या भावाला मी सरकारी नोकरी सोडली याचं अजून दुःख आहे. त्याला एकदा शेडवर आणून दाखवलं पाहिजे.

२ एप्रिल, सोमवार. पाडवा

सकाळपासून जीपा ओवाळून घ्यायला रांग. हार, हळद, कुंकू, चाकाखाली लिंबू. आमच्या घरी यातलं काही नसतं, पण गिऱ्हाइकाचा सण, म्हणून उभा राहिलो.

झुंबरनं हार घालता घालता कुरकूर काढली. "भाऊ, डावीकडं वळताना खरखर येतीय."

परत जॅकवर घेतली. परत दोन बोटं जागा. त्याला बोट घालून दाखवलं. म्हटलं, चाक जिच्यावर वळतं त्या किंगपिनला ग्रीस मार. तो म्हणाला, "मारलं की. रिकामी असली की नाय येत आवाज." मी म्हटलं, मग रिकामी चालव. सगळे हसले. झुंबरही हसला, पण नीट नाही.

सणाच्या दिवशी असल्या तक्रारी घेऊन यायचं म्हणजे कमाल आहे.

५ एप्रिल, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दिंडोरीला एक जुनं वेल्डिंग मशीन बघायला निघालो. झुंबरचीच गाडी होती. त्यानं मला मानानं पुढं बसवलं. मागे सतरा माणसं, दोन बकऱ्या, मेथीची गाठोडी. दिंडोरीच्या स्टँडवर गर्दीत गाडी वळवायला त्यानं स्टिअरिंग डावीकडे पूर्ण मारलं आणि माझ्या पायाखालून खरखर आली. पायाखालूनच, लांबून नाही.

मी म्हटलं, थांब. कुणी उतरू नका. लोकांना वाटलं, गाडीखाली काही आलं. मी खाली वाकून पाहिलं. सतरा माणसांच्या वजनानं स्प्रिंगचे पाटे सपाट झालेले. ब्रेकची नळी वजनानं बाहेर फुगून वाकलेली आणि टायरची आतली कड तिच्यावर टेकलेली. दोन बोटं राहू द्या, कागद जायला जागा नाही. नळीचं वरचं रबर गेलेलं, आतला दोरा दिसतोय.

जॅकवर चाक लोंबकळतं. जॅकवर पाटे मोकळे असतात. मी आठ जीपा लोंबकळत्या चाकांवर तपासल्या. कोणत्याही जीपवाल्याची गाडी जन्मात रिकामी चालत नाही, हे नाशकातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं असंही नाही. मला ते माप वाटलंच नाही.

आता जीपच्या चारही चाकांचा ब्रेक एकाच तेलावर. एक नळी फुटली की सगळा ब्रेक गेला. सपाटीवर माणूस कुठंतरी बांधाला लावील गाडी. पण वणीच्या गडावर, नांदुरीच्या घाटात, वीस माणसं घेऊन उतरताना, पूर्ण वळणावर? आणि नळी घासते ती वळणावरच.

नवमीपासून गडावर देवीची यात्रा. मंगळवारी नवमी.

६ एप्रिल, शुक्रवार

झुंबरची पुढची चाकं आज कापून पुन्हा बसवली. मागची खोली चार इंच. अर्धं आत, अर्धं बाहेर, बेडकाच्या डोळ्यासारखं. नळी नवी टाकली. मग शेडवरची वाळूची पोती, पुंजा, मी, शेजारचे दोन गॅरेजवाले, सगळे आत बसून पाहिलं. एक इंच मोकळं.

झुंबरनं विचारलं काय झालं होतं. मी सांगितलं, वेल्डिंग जरा कच्चं राहिलं होतं, पक्कं करून दिलं. पुंजा बाजूलाच होता. त्यानं काच डोळ्यांवर ओढली आणि पुढच्या कामाला लागला.

खरं सांगून काय होणार? घबराट होईल. स्टँडवर बोंब होईल की गोटीरामच्या, म्हणजे माझ्या, चाकानं ब्रेक जातो. यात्रेच्या तोंडावर लोक भलतंच काही करून बसतील. त्यापेक्षा गुपचूप एकेकाला बोलवावं, 'मोफत तपासणी' म्हणावं, चाकं बदलावीत, विषय संपला. सात जीपा. चार दिवस. होईल.

सरू म्हणाली, "अहो, स्टँडवर जाऊन सरळ सांगून टाका. त्या लोकांना एकमेकांच्या गाड्या पाठ असतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या जीपा तुमच्या दारात उभ्या राहतील."

तिला धंद्यातलं कळत नाही.

८ एप्रिल, रविवार

तीन झाल्या. प्रत्येक नळीवर त्याच जागी खरचटलेलं, कुठं कमी, कुठं जास्त. प्रत्येकाला तेच सांगितलं, वेल्डिंग पक्कं करतोय. एक जण पुंजाला म्हणाला, "काय बाबा, हात थरथराया लागला का आता?" पुंजा वेल्डिंग करत राहिला. आजकाल तो बोलतच नाही. जेवणाचा डबाही शेडच्या मागे जाऊन खातो. उन्हाचं असेल, किंवा दात.

१० एप्रिल, मंगळवार

नवमी. यात्रा सुरू झाली. सहा झाल्या.

आठव्याचं काय करू? त्या हिरव्या जीपचं?

वही उलटीपालटी केली. पावणेपाच, पावणेपाचला अर्धं सूत कमी. रिमची रुंदी, तबकडीची जाडी, नटांच्या भोकांतलं अंतर. सगळं आहे. माणसाचं नाव नाही. गाडीचा नंबर नाही. एकाही जीपचा नाही. बाकीचे मी चेहऱ्यानं ओळखत होतो म्हणून मिळाले. याचा चेहरा आठवतो तो एवढाच की मिशा होत्या आणि घाई होती. कळवणकडचा असं पुंजाला वाटतं, बोलण्यावरून.

चौदा वर्षं मी वस्तू तपासल्या. वस्तूला नाव नसतं, क्रमांक असतो.

११ एप्रिल, बुधवार

सातवी काल रात्री झाली. आता फक्त हिरवी.

सकाळी एसटीनं दिंडोरी, मग वणी. वणीच्या स्टँडवर यात्रेची माणसं पायाला पाय लागेल इतकी. हिरव्या जीपा तरी किती असाव्यात! लष्करातल्या जुन्या जीपा लिलावात घेतलेल्या, सगळ्या हिरव्या. मी प्रत्येकीच्या पुढच्या चाकाशी वाकून बघत होतो. ड्रायव्हरांना विचारत होतो, कळवणकडची हिरवी जीप, मिशावाला मालक, रुंद टायर.

"कशापाई पायजे?"

मी म्हणायचो, जरा काम होतं. वेल्डिंगचं.

मी वाकलेला, हातात वही, अंगात इस्त्रीचा शर्ट. दुपारपर्यंत माझ्याभोवतीची गर्दी पातळ झाली. एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणताना ऐकलं, "आरटीओचा हाय. जादा शिटा मोजतोय." त्यानंतर मला कुणी काही सांगेना. ज्याला विचारावं तो दुसरीकडे बघतो. एकानं मला कळवणच्या उलट दिशेला पाठवलं, तिथं जीप तर नव्हतीच, रस्ताही संपला.

खेड्यातली माणसं फार संशयी. त्यांच्याच जिवाचं सांगायला आलोय आणि दाद देत नाहीत.

१२ एप्रिल, गुरुवार

कळवणला गेलो. नाही. कुणी म्हणालं अभोण्याला बघा. अभोण्याला एक म्हातारा म्हणाला, हिरव्या जीपा सगळ्या यात्रेला गेल्या. दिवस गेला.

एसटीत परत येताना नांदुरीच्या फाट्यावरून गड दिसतो. गाड्या चढत होत्या, टिपूस टिपूस. त्यातली एक माझी. मी खिडकीच्या दांडीवर डोकं टेकून बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, उलटी व्हतीय का?" मी हो म्हणालो.

१३ एप्रिल, शुक्रवार

पुंजा आला नाही. त्याच्या खोलीवर गेलो. दारातच बसला होता. म्हटलं, बरं नाही का. म्हणाला, बरा हाय.

"मग कामावर का नाही?"

"काम काय ऱ्हायलंय साहेब? आठवी गाडी गावली का?"

"नाही."

"गावंल कशी."

मी म्हटलं, म्हणजे काय? त्यानं हाताचे तळवे उलटे करून बघितले. मग म्हणाला, "चाळीस साल वेल्डिंग केलं. बोट लावायला जागा नाय ठेवली कुनाला. आता स्टँडवरचं कुत्रं बी म्हनतंय पुंजाचं वेल्डिंग कच्चं."

मी त्याला समजावलं, अरे, ते नुसतं सांगायला. लोकांना घाबरवायचं नव्हतं. तुला काही कमीपणा आणायचा माझा हेतू नव्हता. तो हो हो म्हणत राहिला. मला वाटतं, त्याला पटलं. उद्या येईल बहुतेक.

घरी आलो. सरूनं ताट वाढलं होतं. तिला म्हटलं, आता एकच उपाय. परवा पौर्णिमा, सर्वांत जास्त गर्दी त्या दिवशी. मी नांदुरीला रस्त्यावर झोपतो, एकेक जीप अडवतो.

ती म्हणाली, "आणि अडवून सांगणार काय? वेल्डिंग?"

मी ताटावरून उठलो. मला काय वाटतं ते मी इथं स्पष्ट लिहितो, कारण कुठंच लिहिलं नाही तर फुटेन. मला भीती वाटते. जीप दरीत जाईल याची वाटते, त्याहून जास्त, ती गेल्यावर लोक चाक उलटं करून बघतील, पट्टी टाकतील, आणि म्हणतील, हे कुणी मापलं? ही भीती त्या वीस माणसांच्या भीतीच्या वर येऊन बसते. मी ढकलतो, ती परत येते. मी असा माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं.

१५ एप्रिल, रविवार. पौर्णिमा

काल लिहिलं नाही. कालचं आज लिहितो.

काल जयंती. आमच्या कॉलनीत पहाटेपासून निळे झेंडे, मुलांची लेझीम, सरू पांढऱ्या साडीत वंदनेच्या तयारीला. मिरवणुकीच्या पुढं दरवर्षी मी असतो. मंडळाचा माणूस न्यायला आला तर सरूनंच त्याला दारातून परत पाठवलं. मला म्हणाली, "आज तुमची जागा तिकडं आहे. जा."

शेडवर आधीच तयार केलेली दोन चाकं होती, चार इंचांची. ती, नवी नळी आणि ब्रेकचं तेल रिक्षात टाकून दिंडोरी नाक्यावर गेलो. झुंबर आणि दहा-बारा ड्रायव्हर चहा पीत उभे. मी रिक्षातून उतरलो आणि थेट बोललो. थांबलो असतो तर बोललो नसतो.

"वेल्डिंग चांगलं होतं. पुंजाचं काही चुकलं नाही. माप माझं चुकलं. मी गाड्या रिकाम्या तपासल्या. माणसं भरली की पुढचा टायर ब्रेकची नळी खातो. सात गाड्यांची चाकं बदलली ती त्यासाठी. आठवी सापडत नाही. हिरवी, कळवणकडची. तिचा ब्रेक कुठल्याही खेपेला जाईल."

झुंबरनं कप खाली ठेवला.

"माझी बायकू-पोरं बसली व्हती पाडव्याला," तो म्हणाला. "त्याच गाडीत. वणीला."

मी मान खाली घातली.

"आन् मी इचारलं तवा तुमी म्हनले, रिकामी चालव."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला काय काय बोललो रं आपन." दुसरा म्हणाला, "हिरवी म्हंजी कारभारीची. अभोण्याची. मोठ्या मिशा. पुढल्या काचेवर मोराचं चित्र. नांदुरी-गड मारतोय यात्राभर." तिसरा म्हणाला, "परवाच माझ्याकडून त्यानं ब्रेकचं तेल नेलं. म्हनत व्हता, कमी हुतंय."

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नऊ दिवस मी हे लपवत हिंडलो, आणि पाच मिनिटं.

झुंबरनं गाडीतली माणसं उतरवली, दुसऱ्या गाडीत बसवली. मला म्हणाला, "बसा." चाकं मागे टाकली. सबंध वाटेत तो नुसती गाडी हाणत होता. दिंडोरी गेली, वणी गेली. माझ्या मनात एकच चाललं होतं, तेल कमी होतंय, तेल कमी होतंय. म्हणजे दोरासुद्धा झिजला आहे.

नांदुरीला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पायथ्याच्या ड्रायव्हरांनी सांगितलं, कारभारी आत्ताच वर गेला, तासाभरात उतरंल. झुंबरनं वर जाणाऱ्या एका गाडीबरोबर निरोप धाडला की हिरवीला वरच थांबवा. पण गर्दी अशी, निरोप पोचणार की नाही कोण जाणे.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. वरून गाडी आली की इंजिनाचा आवाज आधी येतो, मग वळणावर टप दिसतो. निळी. मातकट. एसटी. एक हिरवी आली, काचेवर मोर नव्हता. लोक गुलाल लावून, नारळ घेऊन, बोंबलत उतरत होते. आमच्या घरातले देव वडिलांनी छप्पन साली गोदावरीत सोडले. त्या तासात हात जोडावेसे वाटले आणि कुणाला जोडावेत ते कळेना. मग झुंबरनं जोडले, ते बघत राहिलो.

दीडच्या सुमारास ती आली. निरोप पोचला नव्हता. हिरवा टप, मोर, आणि माणसं टपापासून फळीपर्यंत. मी रस्त्यावर मधोमध जाऊन उभा राहिलो. कारभारीनं ब्रेक मारला, गाडी लगेच थांबली नाही, त्यानं पुन्हा पुन्हा पाय मारला, पंप मारल्यासारखा, आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ती थांबली.

"मरायचं हाय का!" तो ओरडला.

मी म्हणालो, "तुमची चाकं मी केली. द्वारकेजवळ. चुकीची केली. तुमचा ब्रेक जाणार आहे."

त्यानं मला ओळखलं. पण ऐकेना. "पाच दिस झालं खेपा मारतोय. काय बी नाय झालं. बाजूला सरा, मानसं खोळंबलीत."

झुंबर पुढं झाला. म्हणाला, "कारभारी, ऐक. सपाटीला आलास. इंजिन बंद कर. कुनी उतरू नका. फकस्त स्टेरिंग डावीकडं मार."

त्यानं मारलं. मी गाडीखाली गेलो. वीस माणसं वर, आणि मी पहिल्यांदा त्या वजनाखाली झोपून माझं काम बघत होतो. टायर नळीत रुतला होता. रबर नव्हतंच, दोराही अर्धा तुटलेला, आतून ओल सुटलेली. मी ओरडलो, "आता ब्रेक दाबा. एकदाच. जोरात."

नळी फाटली. तेल माझ्या तोंडावर आलं, डोळ्यांत, तोंडात. वर कारभारीचा पाय फळीला लागल्याचा आवाज झाला. नुसता फट्. पाय थेट तळाला.

मी बाहेर आलो तेव्हा तो अजून पायाकडे बघत होता. परत दाबला. परत तळाला. मग सावकाश उतरला आणि रस्त्यावरच बसला. माणसं उतरायला लागली. पुढच्या फळीवर एक म्हातारी होती, धोंडाबाई नावाची, सटाण्याकडची, बरोबर सहा-सात वर्षांची नात. तिला काही कळलं नव्हतं. ती विचारत होती, "का थांबली गाडी? काय व्हयनं?" कुणीतरी तिला सांगितलं. ती मागे वळून घाटाकडे बघायला लागली.

मी चाकं काढली. झुंबरनं नवी चढवली, नळी टाकली, तेल भरलं. मी हाताला तेल लागलेला, डोळे चुरचुरणारा, पाना देत राहिलो. मला वाटत होतं, आता कारभारी मला मारील. मारावं असंही वाटत होतं. त्यानं हात उचलला नाही. काम संपल्यावर तो जवळ येऊन उभा राहिला.

"तुमाला कवा कळलं हे?"

माझ्याजवळ एक उत्तर तयार होतं. हल्लीच, असं.

"पाच तारखेला," मी म्हणालो.

तो विचार करत राहिला. ओठ हलत होते. मग म्हणाला, "यात्रा नवमीला लागली. आज पाचवा दिस. दिसाला माझ्या आठ खेपा, चढायच्या-उतरायच्या धरून. खेपंला वीस मानसं धरा." पुढं त्याला जमेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, खरंच विचारावं तसं. "तुमी मापाचं मानूस. किती झाली?"

झाडाखाली बायका बसल्या होत्या. झुंबर पाना पुसत थांबला.

"आठशे," मी म्हणालो.

धोंडाबाईनं नातीला ओढून मांडीवर घेतलं.